कुबड्या, लेखणी आणि मोर : फ्लॅनरी ओकॉनर यांचे जीवन



दरवर्षी ११ फेब्रुवारीला, लूर्द मातेच्या सणाच्या दिवशी, ख्रिस्तसभा जागतिक रुग्णदिन पाळते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ मध्ये हा दिवस जाहीर केला. त्या दिवशी आपण आजाऱ्यांसाठी मिस्सा अर्पण करतो, त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना करतो. वर्षाच्या बाकीच्या दिवसांचे काय, हा प्रश्न मात्र घरभेटींच्या वेळी आम्हाला पडतो. हिंजवडी, माण, मारुंजी, वाकड या भागात आपली माणसे बहुतेक तरुण आहेत. कोणी श्रीरामपूर-संगमनेरकडून आले, कोणी वसईहून, तर कोणी आणखी दुरून. आयटी पार्कमध्ये नोकरी, बँकेचे हप्ते, लहान मुले. वरून सगळे ठीक दिसते. पण चहा पिऊन झाल्यावर, आम्ही उठायच्या बेतात असताना, हळू आवाजात एखादी फाईल पुढे येते. आजार कळलेला असतो, पण सासरी सांगितलेला नसतो. औषध चालू असते, पण तोंड सुजते म्हणून कोणाला न विचारता अर्धे केलेले असते. किंवा प्रार्थनासभेनंतर बरे वाटले म्हणून गोळ्या बंदच केलेल्या असतात.

अशा घरांची आठवण ठेवून या रविवारी आम्ही एका लेखिकेचे जीवन आपल्यापुढे ठेवत आहोत. तिचे नाव फ्लॅनरी ओकॉनर. अमेरिकेतील विसाव्या शतकातील मोठ्या कथाकारांत तिची गणना होते. ती कॅथलिक होती, रोज लिहीत होती आणि आयुष्याची शेवटची जवळजवळ चौदा वर्षे ल्युपस या आजारासह जगली. या आजाराने शेवटी तिची मूत्रपिंडे निकामी केली आणि त्यावरच्या औषधाने तिची हाडे झिजवली.

बालपण आणि वडिलांचा आजार

फ्लॅनरीचा जन्म २५ मार्च १९२५ रोजी जॉर्जिया राज्यातील सवाना शहरात झाला. गाब्रिएल दूताने मरियेला निरोप दिला त्याच सणाचा हा दिवस, आणि तिच्या नावात मेरी हे नावही होते. एडवर्ड आणि रेजिना यांची ती एकुलती एक मुलगी. ज्या चौकात त्यांचे घर होते त्याच चौकाच्या दुसऱ्या बाजूला संत योहान बाप्तिस्ताचे कॅथेड्रल होते. जॉर्जियात कॅथलिक लोक मूठभर. बाकी सारा मुलूख प्रॉटेस्टंट. आपल्या जिल्ह्यात दहा गावांत एखादे कॅथलिक घर असते, तशीच काहीशी ती परिस्थिती. आपली श्रद्धा शेजाऱ्याला समजावून सांगावी लागते हे तिला लहानपणापासून ठाऊक होते.

तिला पक्ष्यांचे वेड होते. पाच-सहा वर्षांची असताना तिची एक कोंबडी उलटी चालते म्हणून पाथे कंपनीचा वार्तापटवाला कॅमेरा घेऊन तिच्या अंगणात आला होता! पुढे कुटुंब मिलेजव्हिल या आईच्या माहेरच्या गावी राहायला गेले. वडिलांची प्रकृती तोवर ढासळली होती. १ फेब्रुवारी १९४१ रोजी, वयाच्या ४५व्या वर्षी ते वारले. आजार होता ल्युपस. फ्लॅनरी तेव्हा पंधरा वर्षांची होती. त्या काळी या आजारावर उपाय म्हणावा असे काहीच नव्हते.

मुलगी हुशार निघाली. मिलेजव्हिलच्या महिला महाविद्यालयातून १९४५ मध्ये ती पदवीधर झाली आणि लेखनाचे शिक्षण घेण्यासाठी दूर आयोवा विद्यापीठात गेली. तिथे १९४६-४७ मध्ये तिने एका साध्या वहीत देवाला उद्देशून रोजनिशी लिहिली. ती वही २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्याला चांगले लिहिता यावे आणि ते लेखन देवाचे असावे, असे मागणे त्यात पुन्हा पुन्हा येते. पुढे तिने न्यूयॉर्क राज्यात आणि नंतर कनेटिकटमध्ये रॉबर्ट व सॅली फिट्झजेराल्ड या कॅथलिक दांपत्याच्या घरी राहून पहिली कादंबरी लिहायला घेतली. नाव होऊ लागले होते. घरापासून दूर, आपल्या पायावर उभे राहण्याचे तिचे स्वप्न पुरे होत होते.

१९५०चा डिसेंबर

फ्लॅनरी पंचवीस वर्षांच्या होत्या. हात जड पडू लागले, टाइपरायटरवर उचलवेनात. नाताळसाठी त्या आगगाडीने घरी निघाल्या आणि वाटेतच अतिशय आजारी पडल्या. सुरुवातीला संधिवात समजून उपचार झाले. पुढे अटलांटाचे डॉक्टर आर्थर मेरिल यांनी ल्युपसचे निदान केले. इस्पितळात मुक्काम, ताप, रक्त चढवणे, गळणारे केस, औषधाने सुजलेला चेहरा असे काही महिने गेले. १९५१ मध्ये त्या घरी आल्या तेव्हा जिना चढण्याचेही त्राण नव्हते. म्हणून आई त्यांना घेऊन गावाबाहेर अँडालुसिया नावाच्या आपल्या शेतावर तळमजल्यावर राहायला गेली. आई दुधाचा धंदा पाही. मुलगी तिथे राहायला गेली ती कायमचीच.

ल्युपस म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. लॅटिन भाषेत ल्युपस म्हणजे लांडगा. चेहऱ्यावरचे व्रण लांडगा चावल्यासारखे दिसत म्हणून जुन्या वैद्यांनी हे नाव दिले. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक यंत्रणा देवाने ठेवली आहे. या आजारात ती यंत्रणा आपले कोण, परके कोण हे ओळखत नाही. घराच्या राखणीसाठी ठेवलेला कुत्रा घरच्यांनाच चावू लागावा, तसे होते. सांधे, त्वचा, रक्त, हृदय, मेंदू, मूत्रपिंडे यांपैकी कशावरही हल्ला होतो. आजार संसर्गजन्य नाही. दहा रुग्णांत साधारण नऊ स्त्रिया असतात आणि त्यांतल्या बहुतेक ऐन तारुण्यातल्या. संसर्गाचा आजार नसताना लोक त्यांचे ताट-पेला वेगळा ठेवतात, हे अज्ञान आहे आणि पापही.

फ्लॅनरींना वाचवले ते त्या वेळी नुकत्याच आलेल्या औषधाने. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये १९४८-४९ मध्ये कॉर्टिसोन आणि एसीटीएच या संप्रेरकांचा सांधेदुखीवर प्रथम उपयोग झाला आणि १९५० मध्ये त्या संशोधनाला नोबेल पारितोषिक मिळाले. एसीटीएच तेव्हा डुकरांच्या मेंदूतळाच्या ग्रंथीतून काढत. फ्लॅनरी स्वतःच स्वतःला त्याची इंजेक्शने टोचून घ्यायला शिकल्या. वडील गेल्यापासून दहाच वर्षे झाली होती. त्या दहा वर्षांनी बापलेकीच्या नशिबात एवढा फरक पडला. औषध ही देवाच्या कृपेविरुद्धची गोष्ट नाही; माणसाला दिलेल्या बुद्धीच्या वाटेने तीच कृपा येते, हे आम्हाला इथे आवर्जून सांगावेसे वाटते.

लपवलेले सत्य

एक गोष्ट मात्र त्यांच्यापासून लपवून ठेवण्यात आली. वडील ज्या आजाराने गेले तोच आपल्याला झाला आहे हे कळले तर मुलगी खचून जाईल, अशी आईला भीती वाटली. म्हणून संधिवातच आहे असे सांगितले गेले. दीड वर्ष हे चालले. १९५२च्या उन्हाळ्यात फ्लॅनरी कनेटिकटला गेल्या असताना सॅली फिट्झजेराल्ड यांनी धीर करून त्यांना खरे काय ते सांगितले. त्यांना धक्का बसला खरा; पण जे आहे ते कळले याबद्दल त्यांनी मैत्रिणीचे आभार मानले. आणि पुढे काय केले? पुन्हा शहरात जाऊन राहण्याचा विचार सोडून त्या अँडालुसियाला परतल्या आणि आपल्या दिवसाची घडी बसवली.

आईने हे प्रेमापोटीच केले यात शंका नाही. आपल्याकडेही आईबाप मुलीपासून, मुलगी नवऱ्यापासून, सून सासूपासून अशाच प्रेमापोटी किंवा भीतीपोटी आजार लपवते. पण ज्याच्या देहात आजार आहे त्याला सत्य ठाऊक नसेल, तर त्याने देवाशी बोलावे तरी कशाबद्दल? सत्य हळुवारपणे, योग्य वेळी, सोबत बसून सांगावे, पण सांगावे. लग्न ठरवतानाही तेच. खोट्यावर बांधलेले घर पहिल्याच तापात हादरते.

दिवसाची घडी

त्यांचा दिवस असा असे : पहाटे उठून प्रार्थना, आईसोबत गावातल्या येशूच्या पवित्र हृदयाच्या चर्चमध्ये मिस्सा, मग सकाळी दोन-तीन तास लेखन. त्या वेळेत कोणी भेटायला आलेले चालत नसे. त्यापलीकडे शक्ती उरत नसे. दुपारी विश्रांती, पत्रे, आणि पक्ष्यांची देखभाल. रात्री झोपण्यापूर्वी वीसेक मिनिटे संत थॉमस अक्विनास यांचे वाचन. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना परीक्षेसाठी जे ग्रंथ धाकाने वाचले, ते ही आजारी बाई उशाशी घेऊन वाचत होती हे कळले तेव्हा आम्हाला जरा लाजच वाटली!

या दोन-तीन तासांतूनच 'वाइज ब्लड' (१९५२) व 'द व्हायलंट बेअर इट अवे' (१९६०) या दोन कादंबऱ्या आणि तीसच्या आसपास कथा झाल्या. त्यांच्या कथा गोड नाहीत. त्यांत अहंकारी, ढोंगी, स्वतःला चांगले समजणारी माणसे येतात आणि त्यांच्यावर देवाची कृपा एखाद्या अपघातासारखी येऊन आदळते. कृपा म्हणजे केवळ गोड सांत्वन नाही, ती माणसाला मोडूनही बदलते, हे त्यांना स्वतःच्या देहावरून माहीत होते.

आणि मोर! १९५२ मध्ये त्यांनी फ्लोरिडाहून एक मोर, एक लांडोर आणि चार पिल्ले आगगाडीने मागवली. पुढे शेतावर मोरांचे मोठे कुटुंबच झाले. आपल्या शेताशिवारातला हा देशी पक्षी सातासमुद्रापार एका आजारी स्त्रीच्या अंगणात नाचत होता. प्राचीन ख्रिस्ती लोकांनी रोमच्या भुयारी स्मशानांच्या भिंतींवर मोर रंगवला आहे, तो पुनरुत्थानाचे आणि अमरत्वाचे चिन्ह म्हणून. मोराचे मांस कुजत नाही असा समज तेव्हा होता आणि संत ऑगस्टीन यांनीही त्याचा उल्लेख केला आहे. फ्लॅनरींना हा अर्थ चांगला ठाऊक होता.

हाडांची झीज

१९५४च्या सुमारास त्या लंगडू लागल्या. १९५५ पासून कुबड्या आल्या. खुब्याचे हाड मऊ पडत चालले होते. आज डॉक्टर याचे कारण नीट सांगू शकतात. मांडीच्या हाडाचा वरचा गोल भाग खुब्याच्या खोबणीत बसतो. त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या अगदी बारीक असतात. स्टेरॉइडचे मोठे डोस बराच काळ दिले, तर काही जणांत हा रक्तपुरवठा तुटतो. मग हाडाचा तो भाग मरतो आणि खचतो. २०२१ मध्ये कोविडमधून बऱ्या झालेल्या, स्टेरॉइड घ्यावे लागलेल्या काही रुग्णांत मुंबईच्या डॉक्टरांना नेमके हेच आढळले होते. म्हणजे जीव वाचवणाऱ्या औषधानेच पाय घेतले. हा सौदा फ्लॅनरींनी डोळे उघडे ठेवून स्वीकारला. कुबड्या घेऊनच त्या विमानाने, गाडीने दूरच्या महाविद्यालयांत व्याख्याने द्यायला जात राहिल्या.

लूर्द मातेच्या दर्शनाला १९५८ मध्ये १०० वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त सवाना धर्मप्रांताची यात्रा निघाली. एका वयस्क नातेवाईक बाईंनी खर्च देऊन मायलेकींना पाठवले. फ्लॅनरींना जायचे नव्हते. इतक्या आजाऱ्यांनी स्नान केलेल्या पाण्यात उतरायची त्यांना किळस वाटत होती आणि चमत्काराचा आव आणणेही आवडत नव्हते. पण त्या उतरल्या. तिथे त्यांनी प्रार्थना केली ती आपल्या हाडांसाठी नव्हे, तर अडलेल्या कादंबरीसाठी! रोममध्ये पोप पायस बारावे यांनी कुबड्यांवरच्या या स्त्रीला विशेष आशीर्वाद दिला. त्याच वर्षाच्या अखेरीस डॉक्टरांना खुब्याचे हाड पुन्हा भरत असल्यासारखे दिसले आणि घरातल्या घरात कुबड्यांशिवाय चालायची मुभा मिळाली. दोन वर्षांत कादंबरीही प्रसिद्ध झाली. पण हाडाची सुधारणा टिकली नाही. पुढे खुबा बिघडतच गेला, जबड्याच्या हाडालाही त्रास झाला. शस्त्रक्रिया करावी तर दबलेला ल्युपस उसळेल, म्हणून डॉक्टरांनी तीही टाळली.

बंधुभगिनींनो, उत्पत्तीच्या पुस्तकातला याकोब आठवतो. रात्रभर तो अनोळखी पुरुषाशी झुंजला. पहाटे त्याला आशीर्वाद मिळाला, पण जांघेचा सांधा निखळला. आशीर्वाद मिळालेला माणूस लंगडत घरी गेला. आम्ही अनेकदा मानतो की आशीर्वाद असेल तर लंगडणे नसावे आणि लंगडणे असेल तर आशीर्वाद नसावा. पवित्र शास्त्र मात्र दोन्ही एकाच माणसात दाखवते.

फ्लॅनरींना फ्रेंच येशूसंघीय धर्मगुरू तेयार द शार्दँ यांचा एक विचार फार मोलाचा वाटे. माणसाच्या आयुष्यात जे जे कमी होत जाते, त्याच्याशी त्याने आधी सर्व शक्तीनिशी लढावे. लढूनही जे बदलत नाही, तेव्हा ते देवाच्या हाती द्यावे, आणि देव त्या उणेपणातूनही आपल्याला आपल्याकडे ओढून घेतो. यातला क्रम महत्त्वाचा आहे. आधी डॉक्टर, औषध, तपासणी, पथ्य, सोबत प्रार्थना. लढणे सोडून देऊन देवाची इच्छा असे म्हणणे ही श्रद्धा नव्हे, तो आळस आहे. आणि लढूनही न सुटणाऱ्या गोष्टीवर आयुष्यभर चरफडत राहणे हीही श्रद्धा नव्हे.

याच काळात अटलांटाच्या डॉमिनिकन सिस्टर्स त्यांच्याकडे आल्या. गरीब कर्करोग्यांच्या मोफत आश्रमात मेरी अ‍ॅन नावाची मुलगी होती. चेहऱ्यावर गाठ, एक डोळा गेलेला. तिसऱ्या वर्षी ती सिस्टर्सकडे आली आणि बाराव्या वर्षी वारली. पण तेवढ्या काळात तिने सगळा आश्रम हसता ठेवला. फ्लॅनरींनी सिस्टर्सनाच तिची कथा लिहायला लावले आणि स्वतः प्रस्तावना लिहिली. १९६१ मध्ये ते पुस्तक आले. दुसऱ्याचा आजार पाहायला स्वतःच्या आजाराने त्यांना वेळ कमी पडू दिला नाही.

शेवटचे महिने

१९६४च्या फेब्रुवारीत गर्भाशयातल्या गाठीसाठी शस्त्रक्रिया करावीच लागली. भीती होती तेच झाले. ल्युपस उसळला आणि मूत्रपिंडांवर उतरला. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. ल्युपसमध्ये त्या गाळण्यांत सूज येते, रक्तातले प्रथिन लघवीवाटे वाहून जाते, अंगावर सूज चढते, रक्तदाब वाढतो आणि शेवटी रक्तातली घाण साचत जाते. डायलिसिसची सोय तेव्हा अमेरिकेतही नुकतीच सुरू होत होती. अटलांटाच्या इस्पितळात त्या काही आठवडे होत्या. तिथे त्या कथेचे कागद उशीखाली ठेवत आणि संधी मिळेल तेव्हा दुरुस्त करत. जुलैमध्ये त्यांनी अभ्यंगसंस्कार स्वीकारला. ३ ऑगस्ट १९६४ रोजी मध्यरात्रीनंतर मिलेजव्हिलच्या इस्पितळात मूत्रपिंडे निकामी होऊन त्यांचे निधन झाले. वय अवघे ३९. दुसऱ्या दिवशी मिस्सा झाली आणि त्यांना वडिलांच्या शेजारी पुरण्यात आले. आई मागे आणखी ३१ वर्षे जगली.

उशीखालच्या कागदांसह शेवटचा कथासंग्रह १९६५ मध्ये आला. १९७२ मध्ये त्यांच्या समग्र कथांना अमेरिकेचा राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला.

एक गोष्ट सांगितली नाही तर हे चरित्र अपुरे राहील. त्यांच्या खाजगी पत्रांत कृष्णवर्णीय बांधवांविषयी तुच्छतेचे उद्गार आहेत. २०२० मध्ये मेरीलँडच्या येशूसंघीय विद्यापीठाने वसतिगृहाला दिलेले त्यांचे नाव काढून सिस्टर थिआ बोमन या कृष्णवर्णीय धर्मभगिनीचे नाव दिले. दुःख सोसल्याने माणूस आपोआप पवित्र होत नाही. आपल्यातही वर्षानुवर्षे जपमाळ करणाऱ्यांच्या मनातून जात गेलेली नाही. देहातला आजार तपासतो तसा मनातलाही तपासावा लागतो.

आपल्यासाठी

आज ल्युपसचे रुग्ण फ्लॅनरींपेक्षा पुष्कळ सुस्थितीत आहेत. २०२० मध्ये कोविडच्या वेळी घरोघरी माहीत झालेले हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे या आजाराचे नेहमीचे औषध आहे. मूत्रपिंडांना वाचवणारी नवी औषधे आली आहेत, त्यामुळे स्टेरॉइडचा डोस लवकर कमी करता येतो. डायलिसिस आहे, मूत्रपिंड प्रत्यारोपण आहे, खुबा बदलता येतो. पण त्यासाठी वेळेवर जायला हवे. लघवीला फेस येणे, पायांवर किंवा सकाळी डोळ्यांभोवती सूज, वाढलेला रक्तदाब, चालताना जांघेत दुखणे, यांकडे दुर्लक्ष करू नका. डॉक्टरांनी सांगितलेली लघवीची आणि रक्ताची तपासणी बरे वाटत असतानाही करा. स्टेरॉइड स्वतःच्या मनाने एकदम बंद केले तर जिवावर बेतू शकते. सांधेदुखीवर कोणी पुडी देत असेल तर तिच्यात काय आहे ते विचारल्याशिवाय घेऊ नका. आमच्या प्रार्थनेने बरे वाटले तर देवाची स्तुती करा, आणि गोळी चालू ठेवून डॉक्टरांना दाखवा.

घरात आजारी माणूस असेल तर आम्हाला अगदी शेवटी बोलावू नका. अभ्यंगसंस्कार मरणाऱ्यांचा नाही, आजाऱ्यांचा आहे. ख्रिस्तशरीर घरी आणून देण्यात आम्हाला कसलाही त्रास नाही. आणि ज्यांना मिस्सेत गुडघे टेकता येत नाहीत त्यांनी संकोच न करता बसावे. खुब्यात दुखत असताना बाकावर बसून केलेली प्रार्थना देवापर्यंत पोहोचते.

हे प्रभू, ज्यांचा आजार बाहेरून दिसत नाही त्यांना आम्ही तुझ्या हाती देतो. त्यांना खरे सांगणारी माणसे दे, चांगले डॉक्टर दे, औषध घेण्याची चिकाटी दे. जे बदलता येते त्यासाठी लढायला बळ दे आणि जे बदलत नाही त्यात तू सोबत राहा. लंगडत का होईना, आम्हा सर्वांना तुझ्या घरी पोहोचव. आमेन.